शिक्षकाची नोकरी सोडल्यावर दुसरं करिअर कसं शोधायचं? त्यासाठी कोणता कोर्स करावा?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात आठ वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवताय, बी.एस्सी. बी.एड. आहात, पगाराचा आकडा नातेवाइकांत सांगायची लाज वाटते, आणि आता टीईटीचंही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचंही, टेन्शन आलंय. आठाच्या जागी नऊ केलं की ही माझीच गोष्ट होते, म्हणून लिहायला बसले.

कोर्सचं आधी सांगते. आधी कोर्स करू नका. मी केला होता. शाळा सुटल्यावर नंदनवन भागातल्या एका क्लासमध्ये सहा महिने टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, शिकले, सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि दहा-बारा ठिकाणी जाऊन आले. सगळीकडे एकच ऐकलं: "मॅडम, तुम्ही तर टीचर आहात. अकाउंट्स कुठं केलंय याआधी?" याला सर्टिफिकेट काय उत्तर देणार?

मी शाळेत लागले जून २००८ मध्ये. अनुदान येणार, २० टक्के येणार, ४० टक्के येणार, असं ऐकण्यात नऊ वर्षं गेली. शेवटचा पगार ७,००० रुपये, आणि मे महिन्याचा तोही नाही. शाळेचं नाव घेत नाही. तिथली पोरं चांगली होती आणि माझ्या सोबतच्या बाया अजून तिथंच आहेत.

जुलै २०१७ मध्ये नववीच्या पालकसभेला एका मुलाचे वडील आले. त्यांचं इतवारी बाजारात भांडे ओळीत दुकान. पोराच्या मार्कांचं त्यांनी विचारलंच नाही. खिशातून चार घड्या घातलेलं एक बिल काढलं आणि म्हणाले, "मॅडम, आप गणित पढाते हो ना? ये बारा परसेंट मेरे को दो बार क्यों देना है?" १ जुलैला जीएसटी लागू झाला होता आणि अख्खी इतवारी घाबरलेली होती. मला तरी कुठं काय माहीत होतं! पण टक्केवारी मी नऊ वर्षं शिकवत होते. बिल बघितलं, पेपरात आलेलं आठवलं आणि म्हटलं, रविवारी दुकानात येते, बसून समजावून सांगते.

रविवारी सक्करदऱ्याहून ऑटो करून गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टीलचे डबे, पातेली, पराती छतापर्यंत, आणि दाराशी लोखंडी कढयांची चळत. कागद शोधून सापडेना. माझ्या पर्समध्ये खडूचा तुकडा होता. एक कढई उपडी केली आणि तिच्या काळ्या बुडावर लिहिलं: घेतलं १,००० ला, कर १२०. विकलं १,२०० ला, कर १४४. तुम्ही भरायचे किती? १४४ वजा १२०, म्हणजे २४. शेठजी बघतच राहिले. "मतलब मेरे पे सिर्फ चौबीस?" म्हटलं, हो, १२० तुम्ही माल घेतानाच दिले, त्याचा पुरावा म्हणजे हे तुमच्या खिशातलं बिल. ते हरवलं तर १४४ भरा.

मग वर्गात करते तेच केलं. आकडे बदलले. घेतलं २,५०० ला, विकलं ३,००० ला. शेठजी कॅल्क्युलेटर शोधत होते, तेवढ्यात गादीवर बसलेले त्यांचे म्हातारे मुनीमजी लाल बही मिटून हळूच म्हणाले, "साठ." त्या माणसाने महिनाभर ऐकलं होतं की आता कॉम्प्युटर आला, तुमचं काम संपलं. "साठ" म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलला की माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांची आठवण झाली. जाताना त्यांनी विचारलं, "बाई, उद्या येता का? आमचे शेजारीपण घाबरून आहेत."

जीएसटीचा पहिला महिन्याचा रिटर्न, म्हणजे ३बी, ऑगस्टमध्ये भरायचा होता. साइट अडकायची, मुदत पुढे गेली, आणि मी शाळा सुटली की रोज दोन तास इतवारीत. दुकानामागे महिन्याला ३,००० ठरले. दिवाळीपर्यंत चार दुकानं झाली. चार त्रिक बारा, म्हणजे नऊ वर्षांनंतरच्या माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा पाच हजार जास्त. नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. पुढे त्याच शेठजींच्या सीएंनी विचारलं, हे वर्किंग कोण करून देतंय, आणि मला ऑफिसात बोलावलं. आज तिथं माझ्या हाताखाली तीन मुली आहेत. महिना ११ आणि २० तारखेभोवती फिरतो, ११ ला आर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचा रिटर्न, २० ला ३बी.

म्हणून कोर्सच्या आधी हे बघा की आताही लोक तुमच्याकडे काय समजून घ्यायला येतात. शेजारीण बँकेचा फॉर्म घेऊन येते का? पालक शाळेचं सोडून दुसरं काही विचारतात का? तिथून सुरुवात करा, फुकट का होईना. माझ्या शाळेतले विज्ञानाचे एक सर बुटीबोरीच्या कारखान्यात नवीन कामगारांना मशीन शिकवतात. मराठीच्या एक बाई महाल भागातल्या एका प्रेसमध्ये प्रूफं तपासतात. दोघांनाही ओळखीतूनच काम मिळालं, जाहिरातीतून नाही.

कोर्स नंतर लागतो, आणि कुठला ते काम करतानाच कळतं. माझी पदवी बी.एस्सी., त्यामुळे जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी होत नव्हती. ती वाणिज्य, कायदा, व्यवस्थापन अशा पदव्यांवर होते. मी आकडे तयार करायचे आणि शेठजी स्वतःच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून रिटर्न भरायचे. म्हणून २०१८ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव टाकलं आणि २०२१ मध्ये पूर्ण केलं. टॅलीच्या सहा महिन्यांपेक्षा त्या पदवीचा फायदा शंभरपट झाला, कारण ती कशाला हवी हे तोवर मला कळलं होतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेल की शिक्षकी सोडणं म्हणजे पाप. मला माझ्या बाबांनीच म्हटलं. ते उमरेडकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत १९७२ ला लागले, २००४ ला रिटायर झाले. मी राजीनामा दिला त्या दिवशी म्हणाले, "अवं, मास्तरीन होतीस तू! आता शेटच्या दुकानात हिशोब लिवतं? मी बत्तीस वर्सं शिकवलं, एक दिस कंटाया नाही आला." नंतर पाच महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यांच्यासमोर तेव्हा तोंड उघडलं नाही, इथं सांगते. बाबा, तुम्हाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार होता आणि आज पेन्शन आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शनच नाही, आणि विनाअनुदानितमध्ये मला नवीही नव्हती. तुम्हाला कंटाळा आला नाही, कारण महिनाअखेर किराणावाल्यासमोर मान खाली घालावी लागली नाही. मलाही शिकवण्याचा कंटाळा आला नव्हता. मी शिकवणं सोडलंच नाही, कढईच्या बुडावर शिकवलं. सेवा म्हणून शिकवा म्हणतात, पण ती सेवा एकट्या शिक्षकाकडूनच का मागतात? संस्था फी घेते, इमारत वाढवते, मग बाईंचा मे महिना कोरडा कशाला?

आणि सोडताना हक्काचे पैसे सोडू नका. खासगी शाळेतल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी लागू आहे. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली, ती ३ एप्रिल १९९७ पासून धरली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ती कायम ठेवली. पाच वर्षं सेवा हवी. शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. माझे ७,००० वर नऊ वर्षांचे ३६,३४६ रुपये झाले. निकालानंतर अर्ज केला. आधी संस्थेने शिक्षकांना नसते म्हणून हाकललं. मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसात चकरा मारल्या आणि चेक आला. तो घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने सगळा हिशोब पुन्हा केला, भागाकारसुद्धा हाताने. मग म्हणाले, "बराबर हाय." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या मिस्टरांची पक्की नोकरी होती, म्हणून मला धाडस झालं. घर एकट्या तुमच्यावर असेल, तर बाहेरचं उत्पन्न पगाराच्या दीडपट झाल्याशिवाय सोडू नका. माझ्या वेळी जीएसटी नवा होता, अशी संधी रोज येत नाही. टीईटीच्या भीतीने तर अजिबात सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या शिक्षकांना ती पास व्हायला दोन वर्षं दिली आहेत; तुम्ही नंतर लागलात, म्हणून तुम्हाला काय लागू ते विचारून घ्या, पण गणिताच्या बाईंना ती जड नाही. पगारासाठी सोडायचं तर सोडा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून कुठं लागायची आशा असेल तर तिथलंही गणित करून बघा. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६,००० ते २०,०००.

राजीनामा द्यायच्या आधी मूळ कागदपत्रं ऑफिसातून काढून घ्या. बँकेत द्यायचीत असं सांगा, पण घ्या. माझी बी.एड.ची मार्कशीट परत मिळवायला चार महिने गेले. राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर सही आणि तारीख टाका. एक रजिस्टर्ड पोस्टाने (ते २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून आता स्पीड पोस्टाला रजिस्ट्रेशन जोडून) व्यवस्थापनाला पाठवा, दुसरी स्वतःजवळ ठेवा, १९७७ च्या खासगी शाळांच्या कायद्यात तसंच लिहिलंय. कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, नसाल तर एक महिन्याची. पोस्टाची पावती फेकू नका. झेरॉक्सही काढून ठेवा, पावतीची शाई वर्षभरात उडते.