सबवूफर घ्या, पण ३८ हजारांचा नको आणि ईएमआयवर तर नकोच

चिंचवडच्या एका वाचकाने विचारलंय. वय २९, हातात पगार ४६ हजार, गाडी कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक, तिचा हप्ता ११,२०० आणि अजून तीन वर्षं बाकी. गाडीच्या स्टिरिओला बेस नाही म्हणून अॅक्सेसरीवाल्याने १२ इंची बॉक्स सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर), त्याला ताकद देणारा मोनो अँप्लिफायर, वायरिंग आणि दाराला डॅम्पिंग (पत्र्याचा थरथराट शोषणारी शीट) असं मिळून ३८ हजारांचं कोटेशन दिलंय, १२ महिने नो कॉस्ट ईएमआय. बायको म्हणते एफडी करा. काय करू?

भाऊ, ३८ हजार म्युच्युअल फंडात टाकले तर वीस वर्षांनी किती होतील हे गणित मी मांडणार नाही. तसं बघायला गेलं तर माणसाने चहासुद्धा पिऊ नये. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये काढताय आणि गाणी ऐकणं हा एवढा एकच शौक आहे म्हणताय, तर त्यासाठी पैसे काढायला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती किती आणि कुठून काढताय त्याला.

आधी ते नो कॉस्ट. तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर ३५ हजारांत करतो म्हणाला. मग वरचे ३ हजार म्हणजेच व्याज झालं की, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं त्यामुळे वर्षाचा दर साधारण १५-१६ टक्क्यांवर जातो. वर बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. एसआयपी धरून सगळा खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला सहा हजार उरतात, त्यातले निम्मे या हप्त्यात जाणार. इमर्जन्सी फंड ६० हजार आणि महिन्याचा खर्च ३६, म्हणजे नोकरीचं काही झालं तर दोन महिनेपण निघत नाहीत, आणि गाडीचा हप्ता तर थांबत नाही.

आता वस्तूकडे या. तुमच्या डिकीत सिलिंडर आहे. उरलेल्या जागेत १२ इंची बॉक्स कोंबला तर सामान कुठे ठेवणार, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट म्हणजे दाबाची तपासणी असते तेव्हा तो बॉक्स काढत बसायचं. गाडी विकताना यूज्ड कारवाला अशा सेटअपचे वेगळे पैसे देत नाही, उलट कापलेल्या वायरी दिसल्या की भाव पाडतो.

त्यापेक्षा सीटखालचा अॅक्टिव्ह सबवूफर बघा. अँप्लिफायर आतच असतो, चांगल्या कंपनीचा अंदाजे १२ ते १८ हजारांत येतो. यात हाय लेव्हल इनपुट असतो म्हणजे कंपनीच्या स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेतो, त्यामुळे टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं सगळं जसंच्या तसं राहतं. १२ इंचीसारखी छाती हादरणार नाही हे खरं, पण दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खोल बेसला, जे जमत नाही ते बरंचसं भरून निघतं. आणि माझ्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट म्हणजे गाडी बदलली तर चार स्क्रू काढून हा पुढच्या गाडीत नेता येतो.

पैसे वाचवायचे तर सबवूफरच्या डब्यात वाचवा, वायरीत नाही. कॉपरचीच वायर मागा. स्वस्त किटमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, टोक सोलून चाकूने खरवडलं की आतला पांढरा रंग दिसतो. बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरात फ्यूज पाहिजेच. तो नसला आणि वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू शकते, आणि तुमची तर सीएनजी आहे. कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा मूळ जुडगा, कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचं कपलर (न कापता जोडायचा प्लग) मिळतं का ते विचारा, कारण वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटरवाले इलेक्ट्रिकलचा वॉरंटी क्लेम नाकारायला मोकळे. पक्कं बिल घ्या आणि इन्शुरन्समध्ये इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून नोंद करा, साधारण किमतीच्या ४ टक्के प्रीमियम वाढतो, म्हणजे १५ हजारांच्या वस्तूला सहाशे रुपये अधिक जीएसटी. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर त्याचे पैसे विसरा.

दिवाळीला ४० हजार बोनस येईल म्हणताय ना, त्यातले २० इमर्जन्सी फंडात टाका आणि २० मध्ये सबवूफर, वायरिंग, फिटिंग सगळं बसवा. तोपर्यंत हवं तर पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग शीट लावून घ्या, तीन-चार हजारांत होतं. पत्र्याचा खडखडाट गेला की आहे त्याच स्पीकरचा बेस सुधारतो, कदाचित तेवढ्यावरच तुमचं भागेल आणि मग ते २० पण फंडात. बायकोची एफडी त्यानंतर, कारण आत्ता ती केली तरी पहिल्या अडचणीला मोडावीच लागणार.

आणि घ्यायला जाण्याआधी सीट पूर्ण खाली करून खालची जागा टेपने मोजा. हे डबे सात-आठ सेंटिमीटर उंच असतात, काही गाड्यांत मागचा एसी डक्ट आडवा येतो.