स्पॅनिशमधला कोणता आधुनिक कवितासंग्रह आधी वाचावा? माझी बी-१ (मधली पातळी) झाली आहे. इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवू का?

इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवू नका. यावरून मी स्पॅनिशच्या वर्गात भांडलोय आणि माझं मत आजही तेच आहे.

ते भांडण एका कवितेवरून झालं. कवी पेरूचा सेसार वायेखो. त्याचा ‘त्रिल्से’ हा संग्रह १९२२ साली लिमाच्या तुरुंगातल्या छापखान्यात छापला गेला, प्रती २००. त्याआधी तो स्वतः त्रुखियोच्या तुरुंगात ११२ दिवस काढून आला होता. संग्रहात ७७ कविता, एकीलाही शीर्षक नाही, नुसते आकडे. त्यातली अठ्ठाविसावी जेवणाची. कवी एकटाच जेवलाय. आई नाही, आर्जव नाही, पानावरचं ‘सिर्वेते’ नाही, पाणी नाही, मक्याची कणसं पुढे करणारे वडील नाहीत. मग तो मित्राच्या घरी पानावर बसतो, तिथे सगळं भरलेलं घर, आणि आईने न दिलेल्या घासाची त्याच्या तोंडात माती होते.

आम्हाला अनुवादाला हीच कविता होती. माझ्या आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दुपारी मित्राकडे जेवायचो. काकू मायेनेच वाढायच्या, पण पोळीचा घास तोंडात नुसता फिरायचा, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावा लागायचा.

‘सिर्वेते’ म्हणजे शब्दशः ‘वाढून घे’. मी लिहिलं, ‘घे रे अजून’. सरांनी लाल पेनने ते खोडलं आणि छापील इंग्रजी अनुवाद पुढे केला: ‘हेल्प युअरसेल्फ’. म्हणाले, मुळात नाही ते घालू नका, भावना बाजूला ठेवा. मी म्हटलं, सर, त्याच ओळीत आधीचा शब्द बघा, ‘सुप्लिका’. आर्जव. आणि शेवटाकडे तो म्हणतो की आईचं ‘सिर्वेते’ थडग्यातून बाहेर येत नाही, स्वयंपाकघर अंधारात आहे. ‘हेल्प युअरसेल्फ’ कोणीही कोणालाही म्हणतं. त्यासाठी कोणी थडग्याकडे कान लावून बसत नाही. मराठीत ताटावरचा आग्रह रोजचा आहे, मग मधे इंग्रजी कशाला?

सरांचं एक बरोबर होतं, ‘अजून’ मुळात नाही. आज मी नुसतं ‘घे रे’ लिहीन.

आता तुमचा प्रश्न. बी-१ला अख्खा ‘त्रिल्से’ झेपणार नाही. व्याकरण मोडलेलं, शब्द घडवलेले. त्यातल्या कित्येक कविता मलाही अजून उलगडलेल्या नाहीत. सलग वाचायला चिलीच्या निकानोर पार्राचा ‘पोएमास इ आन्तिपोएमास’ (१९५४) घ्या, त्यातली भाषा बोलण्यातली आहे. स्पेनच्या आन्तोनिओ माचादोचा ‘काम्पोस दे कास्तिया’ (१९१२) पण चालेल. नेरुदाच्या वीस प्रेमकविता सगळेच सांगतात, त्या नंतर वाचल्या तरी काही बिघडत नाही.

अठ्ठाविसावी मात्र आजच काढा आणि मोठ्याने वाचा. ‘सिर्वेते’पाशी आलात की शब्दकोश उघडण्याआधी तुमच्या घरी पानावर काय म्हणतात ते आठवा.