सेरेंगेटीत काढलेल्या फोटोंतला निळा-नारिंगी पक्षी कोणता?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात काढलेल्या फोटोंत निळ्या पाठीचा, नारिंगी पोटाचा एकच पक्षी आहे, पण पक्षी ओळखणारं अ‍ॅप एका फोटोला 'सुपर्ब स्टार्लिंग' म्हणतं आणि दुसऱ्याला 'हिल्डेब्रँट्स स्टार्लिंग'. अ‍ॅप दोन्ही वेळा बरोबर असू शकतं. दोन्ही आपल्या साळुंकीच्या कुळातले, आणि सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर डबे उघडले की दोघंही टेबलाभोवती जमतात.

आधी डोळा झूम करून बघा. सुपर्बचा डोळा पांढरट, काळपट डोक्यावर टिकलीसारखा उठून दिसणारा. हिल्डेब्रँट्सचा लालसर नारिंगी. मग छाती बघा. सुपर्बमध्ये निळी छाती आणि नारिंगी पोट यांच्यामध्ये पांढरी पट्टी असते, साडीच्या काठासारखी स्वच्छ. हिल्डेब्रँट्समध्ये ती नसते; निळ्याखाली फिकट नारिंगी सुरू होऊन पोटाकडे गडद होत जातं.

निळ्या छटेवर मात्र विसंबू नका. तो निळा रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. पक्ष्याने मान वळवली की तोच हिरवा नाहीतर जवळजवळ काळा दिसतो.

माझी चूक सांगतो, तुमची टळेल. सुपर्बच्या पिल्लाचा डोळा गडद असतो आणि पट्टी पुसट किंवा नसतेच. असा एक फोटो मी कितीतरी दिवस हिल्डेब्रँट्स म्हणून ठेवला होता. नंतर त्याच पक्ष्याचा पाठमोरा, थोडा हललेला फोटो सापडला आणि त्यात शेपटीखालचा भाग पांढराशुभ्र होता. तो सुपर्बचा, हिल्डेब्रँट्सचा तिथेही तांबूसच असतो. म्हणून बिघडलेले फोटो लगेच डिलीट करू नका.

पक्षी ओळखण्यासाठी मर्लिन अ‍ॅप वापरत असाल तर ठिकाण आणि तारीख नीट भरा. घरी बसून फोटो टाकताना ठिकाण पुणेच राहिलं, तर यादीच चुकीची येते.

आता तुमचा तो वेगळा फोटो, ज्यातल्या पक्ष्याला तुम्ही 'आपल्याकडचा नीलपंख' म्हटलंय. आपला नीलपंख तिथे नसतो. गळा-छाती जांभळट असेल तर तो लायलॅक-ब्रेस्टेड रोलर. शेपटीच्या दोन लांब पिसांची वाट बघू नका, ती कधी झडलेलीही असतात. डोकं आणि पोट सगळंच फिकट निळं असेल तर युरोपियन रोलर, फेब्रुवारीत तोही तिथे असतो. मूळ फाइल, न कापलेली, इथे टाकलीत तर मी नक्की बघतो.