आजोबांचा ‘कमांडो सुरा’

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. त्यांच्या पेटीत काळपट, दुधारी पात्याचा एक सुरा कातडी म्यानासह सापडला. घरात त्याला ‘कमांडो सुरा’ म्हणतात. तो अस्सल आहे का, आणि त्याला चकाकी कशी आणावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : चकाकी कृपया आणू नका. वर्णनावरून हा ब्रिटिश कमांडोंचा फेअरबेर्न-साइक्स सुरा असावा. शांघाय म्युनिसिपल पोलिसांतला अनुभव गाठीशी असलेल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स यांनी १९४० मध्ये त्याची रचना ठरवली आणि लंडनच्या विल्किन्सन सोर्ड कंपनीने १९४१ च्या प्रारंभी पहिले सुरे घडवले. जाणकार त्याचे तीन प्रकार मानतात. पहिल्याची परज (मूठ आणि पाते यांच्यामधली आडवी पट्टी) इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली असते आणि तिच्यालगत पात्याचा छोटा भाग सपाट ठेवलेला असतो. दुसऱ्यात परज सरळ होते व तो सपाट भाग जातो, मात्र पितळी मुठीवरची चौकड्यांची खरबरीत नक्षी कायम राहते. १९४३ नंतरच्या तिसऱ्या प्रकाराची मूठ मिश्रधातूची, ओतीव आणि आडव्या वळ्यांची असते. हाच प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्याच्याच नकलाही अमाप आहेत, कारण युद्धानंतरही त्याचे उत्पादन थांबले नाही. ‘शेफील्ड, इंग्लंड’ असा ठळक शिक्का दिसला, तर सुरा बहुधा युद्धोत्तर समजावा.

पात्याचे टोकही नीट पाहावे. हे निमुळते टोक सहज मोडे आणि मग ते पुन्हा घासून अणकुचीदार केले जाई. त्यामुळे सुमारे सात इंचांचे पाते थोडे आखूड भरले, तर तेवढ्यावरून सुरा बनावट ठरत नाही. म्यानाच्या कडांना कपड्यांवर शिवण्यासाठी कातड्याच्या पट्ट्या असत. त्या कापलेल्या असतील, तर नव्या जोडू नयेत.

पॉलिश कागदाने किंवा पितळेच्या पॉलिशने मूळ काळा थर निघून जातो आणि संग्राहकाच्या लेखी तीच मोठी हानी असते. मला तर चकचकीत केलेला अस्सल सुरा पाहवत नाही. मऊ कापडाने धूळ पुसून पात्यावर खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. सुरा म्यानात ठेवू नये, कारण जुने कातडे ओल धरते आणि पाते गंजते; दोन्ही कोरड्या जागी वेगवेगळी ठेवावीत. मूठ, परज आणि पात्याचा पायथा यांची जवळून घेतलेली छायाचित्रे पाठवल्यास प्रकार अधिक खात्रीने सांगता येईल.