पीटर सिंगर या नीतितत्त्वज्ञांचे जीवन आणि कार्य थोडक्यात सांगाल का?

पीटर सिंगर यांचा जन्म १९४६ साली मेलबर्नमध्ये, नाझींमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेल्या ज्यू दांपत्याच्या पोटी झाला. मेलबर्न आणि ऑक्सफर्ड येथे शिकल्यावर, पूर्व बंगालच्या निर्वासितांची उपासमार समोर ठेवून लिहिलेला त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. उथळ तळ्यात मूल बुडत असेल, तर कपडे चिखलाने माखतील म्हणून आपण काठावर थांबत नाही. मग दूरच्या भुकेल्याला मदत करताना अंतर आडवे का यावे, हा त्यातला प्रश्न.

त्याच वर्षी आमचा सोलापूर जिल्हा दुष्काळात होरपळत होता. माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत असे आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाऊन दिवस काढत असे, त्यामुळे हा प्रश्न मला कधीच पुस्तकी वाटला नाही.

प्राण्यांच्या वेदनेला नैतिक मोल देणारा सिंगर यांचा ग्रंथ १९७५ मध्ये आला. १९९९ पासून ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक होते. गंभीर अपंगत्व असलेल्या अर्भकाचे जीवन संपवणे काही वेळा योग्य ठरू शकते, हे त्यांचे मत मला अजिबात पटत नाही, आणि त्याविरुद्ध तिथे निदर्शनेही झाली. मात्र २०२१ मध्ये मिळालेला दहा लाख डॉलरचा, तत्त्वज्ञानासाठीचा बर्गरुएन पुरस्कार त्यांनी दान करायचे ठरवले, हेही नोंदवले पाहिजे.