एकदा बोलले त्याच्याशी, आता तक्रार कोणत्या तोंडानं करू?

यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. रोज एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जाणारी, बी.ए. दुसऱ्या वर्षाची मुलगी, वय २०. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिनं सगळं एका दमात सांगितलं: "मॅडम, दोन महिने झाले एक जण इन्स्टावर अन् व्हॉट्सॲपवर छळून राह्यला. माह्याच फोटोचं खोटं अकाउंट काढलं त्यानं. घरी मालूम पडलं त कॉलेज बंद होईन. अन् पोलिसात तरी कोण्या तोंडानं जाऊ? पयले तीन रात्री मीच बोलली होती त्याच्याशी."

खरी गाठ त्या शेवटच्या वाक्यात होती. वर्गाच्या ग्रुपवरून नंबर घेऊन त्यानं 'नोट्स पाहिजेत' म्हणून सुरुवात केली, तिनं साधेपणानं उत्तरं दिली. तो फोटो मागायला लागला तेव्हा तिनं 'नको, मेसेज करू नका' असं लिहिलं. त्या दिवसापासून रोज चाळीसेक मेसेज.

हे 'नको' फार मोलाचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड विधानाचं ३५४-ड) पाठलागाबद्दल आहे. स्त्रीनं नकार स्पष्ट कळवल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणं हा त्यात गुन्हा आहे. आधी बोलणं झालं होतं, एवढ्यानं तो पुसला जात नाही. तीन रात्रींच्या गप्पा म्हणजे जन्मभराची परवानगी नव्हे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत, पुन्हा ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ज्यांनी अजून नकार कळवलेला नाही त्यांनी एकच मेसेज करावा: 'मला तुमच्याशी बोलायचं नाही, पुन्हा संपर्क करू नका.' त्यानंतर शिवी नाही, विनवणी नाही, 'तू कोण आहेस' हेही नाही. चाळिसाव्या मेसेजला उत्तर मिळालं, की चाळीस मेसेज केल्यावर उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो.

तिच्या हातून दोन चुका आधीच झाल्या होत्या, आणि बहुतेकींच्या याच होतात. भीतीपोटी तिनं पहिल्या महिन्याचे मेसेज पुसून टाकले. मग सिम बदललं. नवा नंबर वर्गाच्या ग्रुपवर गेला आणि चौथ्या दिवशी त्याचा मेसेज हजर. वर महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी जुन्या नंबरावर, तो बंद, म्हणून अर्ज अडकला. नंबर बदलायचाच असेल तर पुरावा गोळा झाल्यावर, आणि आधार-बँकेला नवा नंबर जोडून.

पुसलेलं गेलं, पण उरलेलं पुरेसं होतं. एका शंभरपानी वहीत रेघा मारून रकाने केले: तारीख, वेळ, कुठून आलं, काय लिहिलं, स्क्रीनशॉट क्रमांक. स्क्रीनशॉटमध्ये वर फक्त 'त्रास' असं सेव्ह केलेलं नाव दिसत होतं. ते तक्रारीत लंगडं पडतं, म्हणून संपर्क उघडून पूर्ण नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट. इन्स्टाग्रामचं वापरनाव जसंच्या तसं, टिंब आणि खालची रेघ यांसह. एक टिंब चुकलं की ते दुसऱ्याच माणसाचं खातं. एकदाच उघडणारा फोटो आला तर व्हॉट्सॲप त्याचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, दुसऱ्या फोननं फोटो काढायचा. पूर्ण गप्पा एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर. एवढं झाल्यावरच रिपोर्ट आणि ब्लॉक. तिथं गप्पा पुसून टाकण्याचा पर्यायही येतो, त्यावरची खूण आधी काढायची.

खोट्या खात्याविरुद्ध इन्स्टाग्रामकडे 'माझ्या नावानं दुसराच' या प्रकारात तक्रार जाते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तोतया खातं आणि नग्न किंवा बनावट फोटो हटवायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती दोन तासांवर आली. पण खातं गेलं की तिथले पुरावेही गेले, म्हणून वही आधी. (उघडे फोटो पसरवण्याची धमकी असेल आणि वय १८ च्या वर असेल तर स्टॉप-एनसीआयआय ही मोफत सोय आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, जातो तो फक्त त्याचा सांकेतिक ठसा.)

वही लिहिता लिहिता एक ओळ वेगळी निघाली: 'आज जांभळी ओढणी. एसटी लेट आहे नं?' सकाळी ७:४०. म्हणजे माणूस दूरचा नव्हता, त्याच थांब्यावर होता. अशा ओळीला लाल शाईनं खूण करायची. त्या दिवसापासून मैत्रिणीसोबतच थांब्यावर जायचं आणि गावाबाहेर असताना स्टेटस टाकायचं नाही, एवढं ठरलं. अंगावर येण्याची वेळ आली तर ११२. 'कोण ते शोधून काढू' हा मोह मात्र आवरायचा. अंदाजानं भलत्याच पोराचं नाव गावात फुटलं तर उलट तक्रार होते आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

घरी सांगायला तिनं मावशीला निवडलं. ती अंगणवाडी सेविका, वडील तिचं ऐकतात. ठरलं असं, की तीन रात्रींचं बोलणंही तिनंच, पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं. लपवलं आणि पुढे पोलिसांच्या कागदात निघालं, तर बाप पोरीवरच चिडतो. आईनं पहिल्यांदा मोबाईलच हिसकला. तेव्हा मावशी बोलली, "मोबाईल घेतला त पुरावा कोठून आणशीन?" भाऊ काठी शोधत होता, त्याला झेरॉक्स काढायला पाठवलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरीची चूक काय हाये, ते सांगा पयले." उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ठाण्यात पहिल्या दिवशी 'नंबर बदलून टाक' हेच ऐकायला मिळालं. असं झालं तर परत फिरायचं नाही. पाठलागाच्या कलम ७८ खालची माहिती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते, तसं मागायचं. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही. तरीही नकार आला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्हा नोंदवण्याच्या आणि तपासाच्या रीतीचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं, पोचपावतीसह. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम लागलं की तपास निरीक्षक दर्जाचाच अधिकारी करतो. खेड्यातल्या लहान ठाण्याचा प्रमुख बरेचदा सहायक निरीक्षक असतो, त्यामुळे कागद पुढे जाण्यात दिवस जातात. तो वेळ म्हणजे नकार नव्हे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकून तिचा क्रमांक वहीत लिहिला. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, हे माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या खेपेला वडील सोबत गेले. अर्ज दीड पानी, सोबत वहीच्या झेरॉक्स आणि ३१ स्क्रीनशॉट. गुन्हा नोंदला गेला, एफआयआरची प्रत मोफत मिळाली. फोन जमा करायची वेळ येईल म्हणून त्याचा बॅकअप आधीच घेतला होता. जमा करावाच लागला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्यायची.

रात्री अडीचला जाग येऊन फोन चाचपणं त्यानंतरही महिनाभर चाललं. फोन रात्री आईच्या उशाशी ठेवायचा, हे तिनंच ठरवलं. झोप नाहीच लागली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. तिनं तो दोनदा लावला. कॉलेज एक दिवसही बुडालं नाही. ७:४० च्या एसटीला आता वडील थांब्यापर्यंत येतात. पहिले काही दिवस तिला लाज वाटायची, आता ती त्यांच्याच हातात डबा देऊन तिकिटाचे सुटे पैसे शोधत बसते.