जिवाणू ओळखणाऱ्या सेन्सरच्या सोन्याच्या चिपवर ई. कोलाय पकडणारी अँटिबॉडी बसवली, तरी सिग्नल येत नाही. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की ईडीसी-एनएचएस (प्रथिन चिपला जोडणारी दोन रसायनं) वापरून अँटिबॉडी बसवली, पण ई. कोलाय ओ157 सोडल्यावर सिग्नल अगदी थोडा येतो आणि साल्मोनेला हा वेगळाच जिवाणू सोडल्यावरही तेवढाच. मग आधी सांगा, अँटिबॉडी कुठल्या बफरमध्ये आली होती?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे तीन आठवडे इथेच गेले. कुपीसोबतच्या कागदावर ‘ट्रिस’ (नेहमी वापरला जाणारा एक बफर) असं स्पष्ट छापलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. एनएचएसमुळे चिपवर जो एस्टर तयार होतो, तो अमाइन गटाशी जुळतो. अँटिबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर तो गट असतो, पण ट्रिसमध्येही असतो आणि ग्लायसीनमध्येही. 50 मिलिमोलर ट्रिसमध्ये मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम अँटिबॉडी असेल, तर एका अँटिबॉडीमागे ट्रिसचे सुमारे 7,500 रेणू रांगेत उभे असतात. तिला जागा कुठून मिळणार? काही कुप्यांत टिकाऊपणासाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) किंवा जिलेटिन घातलेलं असतं, तेही चिपवर जाऊन बसतं.

म्हणून ट्रिस काढून टाकण्यासाठी आधी डायलिसिस करा, किंवा छोटे रेणू वेगळे करणाऱ्या छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढून अँटिबॉडी पीएच 5 च्या अॅसिटेट बफरमध्ये घ्या. तिथे तिच्यावर बहुधा धन भार असतो, त्यामुळे चिपवरचा कार्बॉक्सिल गटांचा ऋणभारित थर तिला स्वतःच ओढून घेतो. चिप अॅक्टिव्हेट केली की लगेच अँटिबॉडी सोडा. तो एस्टर पाण्यातही तुटतो, आणि पीएच वाढला की फारच झपाट्याने.

इतकं करूनही सगळ्या अँटिबॉडी कामाच्या नसतात. लायसिन सगळीकडे विखुरलेलं असल्यामुळे काही उलट्या बसतात आणि जिवाणू पकडणारी टोकं खाली दबतात. म्हणून मला प्रोटीन ए हे अँटिबॉडीला धरणारं प्रथिन आवडतं. ते अँटिबॉडीला शेपटाकडून धरतं, टोकं मोकळी राहतात. मात्र दुधाचे नमुने तपासणार असाल तर सांभाळा, दुधातल्या गाईच्या अँटिबॉडीही त्याला चिकटू शकतात.

साल्मोनेलाचा सिग्नल बहुतेक ब्लॉकिंग (चिपवरच्या उरलेल्या जागा झाकणं) कमी पडल्याचा आहे. आधी इथेनॉलअमाइन, मग बीएसए द्या. आणि शेजारच्या चॅनलवर त्याच प्राण्याची, पण असंबंधित अँटिबॉडी बसवा, म्हणजे नुसतंच चिकटणारं किती ते कळेल. त्याशिवाय मी तरी कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

तुमचं उपकरण एसपीआर (सोन्याच्या पृष्ठभागालगतचे बदल प्रकाशाने मोजणारं) असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा प्रकाश पृष्ठभागापासून साधारण 200-300 नॅनोमीटरपर्यंतच पाहतो, आणि जिवाणू असतो दोन मायक्रोमीटर लांब. त्यामुळे सगळं बरोबर जमलं तरी सिग्नल अपेक्षेपेक्षा कमीच येईल.

कुपीच्या कागदावर काय छापलंय ते इथे लिहा, मग पुढचं बघू.